शोकसंदेश सगळ्यांना

३ फेब्रुवारी, सोमवार

शकुंतला गेली. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या मेल-यादीवर आलं सकाळी. बिंदुमाधवअण्णाने, तिच्या नवऱ्याने, चारच ओळी लिहिल्यात. मुलाकडे धारवाडला होती, तिथंच गेली, दिवसही तिथंच करणार. फोन लावला, उचलत नाही. मग मेलच लिहायला बसले. चिकपेटेत दुकानदाराने साड्या उलगडून ढीग केला, की ही आपली बसून घड्या घालायला लागायची — घ्यायची एकही नसली तरी! ते लिहिलं. पाठवणार तेवढ्यात जयतीर्थाचं आलं. हा यादी सांभाळतो, माझ्या लेकीच्या वयाचा. "शोकसंदेश कृपया यादीवर नकोत, थेट कुटुंबाला पाठवा. मागच्या खेपेला एकशे बारा 'ओम शांती' आल्या, कामाच्या मेल सापडेनात."

म्हणजे? कुणाकडे भेटायला गेलो तर घरच्यांना कोपऱ्यात नेऊन कानात सांगतो का, वाईट झालं म्हणून? चारचौघांत बसतो आपण. कोण आलं, काय बोललं, ते घरचे वर्षानुवर्षं सांगतात.

घड्यांचं पत्र ठेवून दिलं. आधी ह्याला उत्तर.

४ फेब्रुवारी

दिलं उत्तर, सगळ्यांना. लगेच हा — "अक्का, उत्तर खाली लिहायचं असतं, वर नाही. आणि आधीचं सगळं लटकत ठेवू नये, लागेल तेवढंच ठेवावं."

बत्तीस वर्षं पीण्या भागातल्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळला मी. माझ्या पत्राने माल कधी चुकीच्या गावाला गेला नाही. आता हा मला पत्र लिहायला शिकवणार.

पुन्हा लिहिलं. वरच. खालचं शेपूट होतं तसंच ठेवलं.

५ फेब्रुवारी

माझ्या बाजूने सहा जण, त्याच्या बाजूने तीन. बघतेच आता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक म्हणते, "आई, अण्णांना एकट्यांना पाठवून मोकळी हो ना." संहिताला सगळं सोपं वाटतं. अण्णाला काय सांगायचं, ती कशी होती ते त्याला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. बाकीच्या तीनशे घरांना कळायला हवं. पाठवीन तर सगळ्यांसमोर, नाहीतर नाही.

जयतीर्थ एकदाही उद्धट लिहीत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

धमकी आली. "हा वाद इथंच थांबवावा. अन्यथा नाइलाजाने आपलं नाव यादीतून कमी करावं लागेल." आपलं! परवापर्यंत मी अक्का होते.

कर म्हणावं कमी. ह्याच्या मुंजीत पंगतीला वाढलंय मी. जेवायच्या आधी तीन मेल ठोकल्या. भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू. नाव गेलं तर कुणाच्या घरी काय झालं ते मला कळायचंच नाही. ह्या वयात तेवढंच तर येतं माझ्याकडे. पण माघार घेतली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मल्लेश्वरमला मंडळाची बैठक. मी उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "स्वल्प थांबा अक्का." नाही थांबले. म्हटलं, मरणाची बातमी सगळ्यांना आणि दुःख मात्र गुपचूप, ही कुठली रीत? हात वर करायला लावले. सत्तावीस विरुद्ध नऊ. नियम रद्द.

जयतीर्थ स्वतः कॉफी घेऊन आला. "सरी अक्का, मान्य, जिंकलात." मी कॉफी घेतली. जिंकलेच होते.

अण्णा उद्या परत येतोय. पत्र आता खुशाल पाठवता येईल, पण आधी जाऊन त्याला तोंडाने सांगते — तुझ्या बायकोसाठी भांडले मी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. सांगितलं. अण्णाने सगळं ऐकून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला. आमच्या भांडणाच्या मेल, एकाखाली एक. विषय कुणीच बदलला नव्हता. प्रत्येकीच्या माथ्यावर त्याने पहिल्या दिवशी लिहिलेलं तसंच — "शकुंतला गेली".

"एकेचाळीस वेळा आलं, अहल्या," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी उघडलं. वाटायचं, कुणीतरी तिच्याबद्दल लिहिलं असेल."

त्यातल्या सतरा माझ्या.