आमच्या चीजच्या सालीचं गुपित

२ मार्च, रविवार. सकाळी आठ.
नवी वही, नवे संकल्प. एक : रोज चार ओळी तरी लिहायच्या. दोन : पायाच्या अंगठ्याच्या सुजेपायी डॉक्टरने बियर बंद केली आहे, ती बंदच ठेवायची. चीजला लागते ती वेगळी. ती मी पीत नाही, वापरतो. तीन : शेजारच्या फिर्मँ बेकरीवाल्याशी वाद घालायचा नाही.

संध्याकाळी. लील शहरातून सूनबाईचा, एलोदीचा फोन. नातीचे, फ्लोरचे रिपोर्ट आले. सिलिअ‍ॅक निघालं. गहू, बार्ली, राय यांतलं कणभर पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. औषध नाही, जन्मभराचं पथ्य. पोर नऊ वर्षांची. पाव बंद, वॉफल बंद, आजीच्या हातचा लीकच्या भाजीचा टार्ट बंद. माझी बायको सोलांज रडली. मी रडलो नाही. घरात एकाने तरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं. मी फोनवर म्हणालो, अगं, चीज आहे ना! दूध, मीठ आणि दूध गोठवायला रेनेट, त्यात गहू कुठून शिरणार? बेचाळीस वर्षं चीज करतोय मी. फ्लोरच्या चीजची जबाबदारी आजपासून माझी.

एलोदी म्हणाली, बाबा, सगळीच चीज चालत नाहीत. नवशिक्या माणसांचा आत्मविश्वास बघून गंमत वाटते.

५ मार्च, बुधवार.
एलोदीची यादी आली. टाईप केलेली, चार मुद्दे. ती प्रयोगशाळेत काम करते, चांगली करत असेल. माझे शेरे असे :

एक, पाकिटातलं किसलेलं चीज : चिकटू नये म्हणून त्यात काय काय पूड घालतात. मान्य. किसणी नसलेल्या घरात मुलगी देऊच नये.

दोन, निळ्या बुरशीची काही चीज : बुरशी पूर्वी पावावर वाढवत, म्हणून विचारून घ्यायचं. हे मला माहीत होतं. म्हणजे ऐकलं होतं.

तीन, पाव कापलेल्या फळीवर आणि सुरीने चीज कापायचं नाही. रास्त.

चार, बियरने साल धुतलेली चीज अजिबात नाही. बियर म्हणजे बार्ली. हा मुद्दा बेल्जियमवाल्यांसाठी आहे. सीमेपलीकडे लोक काय वाटेल ते करतात. शिवाय आम्ही साल धूत नाही, ओल्या फडक्याने पुसतो.

६ मार्च.
रात्री झोप लागली नाही म्हणून हे इथेच लिहून ठेवतो. ही वही सोलांज उघडत नाही, माझं अक्षर लागत नाही तिला.

मी अकरा वर्षांचा होतो. तळघरात गेलो तर अशील आजोबा चीजच्या फळ्यांपुढे उभे. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात तांबूस बियरची बाटली. मला बघून दचकले. मग म्हणाले, ही सालीसाठी आहे रे. कोणाला सांगायचं नाही. आजीला तर मुळीच नाही. जमिनीवर थुंकून शपथ घ्यायला लावली. आमच्या चीजची साल अशी लालबुंद आणि वास असा खणखणीत का, याचं कारण मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ते गुपित मी एकट्याने सांभाळलंय. १९९८ साली जिल्ह्याच्या स्पर्धेत तिसरं पदक उगाच नाही मिळालं. भाग तिघांनीच घेतला होता हे खरं, पण भाग घ्यायची हिंमत किती जणांत असते?

अर्धी बाटली सालीला जाते. उरलेली उडून जाते. तळघर फार कोरडं आहे.

७ मार्च, शुक्रवार.
एलोदीने फोनवर सरळ विचारलं, बाबा, तुमच्या चीजची साल कशाने पुसता? म्हणालो, मिठाच्या पाण्याने. मीठ असतंच त्यात. पाणीही असतंच. बियरमध्ये पाण्यावाचून दुसरं असतं तरी काय?

९ मार्च, रविवार.
फ्लोर आली. घरातला पाव काल रात्रीच हद्दपार केला. नवी सुरी, नवी फळी, धुतलेला टेबलक्लॉथ. मी हात कोपरापर्यंत धुतले. सोलांज म्हणाली, जेवायला बसतोयस की ऑपरेशन करायला? उकडलेल्या बटाट्यांबरोबर माझ्या चीजचे तीन तुकडे पोरीने खाल्ले. आवडलं का विचारलं तर दोनदा मान हलवली. साधं उत्तर, पण जाणकाराचं.

रात्री फोन. गाडीतच पोटात कळा सुरू झाल्या, घरी जाऊन उलटी. एलोदीने टेबलावर होतं ते सगळं एकेक करून विचारलं. मीही एकेक करून सांगितलं. बियर टेबलावर नव्हतीच.

१० मार्च.
विचार केला. पीठ उडालं. फिर्मँची बेकरी भिंतीला भिंत लागून, खिडकी कायम उघडी.

११ मार्च, मंगळवार.
फिर्मँला समजावून सांगायला गेलो की रविवारी खिडकी बंद ठेव, माझ्या नातीच्या जिवाचा प्रश्न आहे. हा वाद नव्हे, विनंती. तर म्हणतो कसा, ओमेर, तीस वर्षं माझी गिऱ्हाइकं तुझ्या चीजच्या वासाने नाक दाबून दुकानात शिरतात, मी कधी तुझ्या खिडकीबद्दल बोललो का? मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पण खिडकी बंद ठेवतो म्हणाला. फ्लोर त्याचीही लाडकी आहे, तिच्यासाठी मक्याच्या पिठाचं काहीतरी करून बघतोय म्हणे. लोकांना मध्ये मध्ये करायची फार हौस.

संकल्प क्रमांक तीन : एप्रिलपासून नव्याने.

२३ मार्च, रविवार.
खिडकी बंद. फळी नवीच. चीज तेच. चांगले दोन तुकडे दिले. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच.
बटाट्यांचा संशय येतोय.

३० मार्च.
मुलगा बास्तियां स्वतः आला, एकटाच. खुर्चीवर टेकलाही नाही. म्हणाला, बाबा, पोर इथून गेली की दोन दिवस शाळेत जात नाही. एलोदी म्हणते, इथे आणखी एकदा असं झालं तर यापुढे तुम्हीच लीलला येत जा. फ्लोर इकडे येणार नाही. मी म्हणालो, मी काय तिला विष घालतो? तो म्हणाला, तसं कोणीच म्हणत नाहीये. आणि गेला. चिकोरीची कॉफीही घेतली नाही.

फ्लोरशिवाय रविवार म्हणजे सोलांज आणि मी, समोरासमोर बसून टीव्ही.

६ एप्रिल, रविवार.
शास्त्रीय पद्धत. शनिवारच्या बाजारातून अकरा चीज आणली. चीजवालीला प्रत्येकाबद्दल खोदून खोदून विचारलं : दूध कोणाचं, साल कशाची, बुरशी कशावर वाढवली, सुरी कोणती. ती म्हणाली, आजोबा, मागे रांग लागलीय, पोलिसांतून रिटायर झालात का? कंपन्यांची पत्रकं दाखव म्हटलं, तीही दाखवली. डोंगरातली घट्ट जुनी चीज, बकरीचं मऊ, मेंढीचं. सगळी निर्धोक.

फ्लोरने सगळी चाखली. रात्री दहापर्यंत फोनजवळ बसलो. काही झालं नाही. सोमवारी शाळेत गेली.

म्हणजे परक्यांची चीज पोरीला पचतात. मला आनंद व्हायला हवा. झालाच आहे.

२० एप्रिल, ईस्टर.
माझं चीज टेबलावर ठेवलं नव्हतं. फ्लोरनेच विचारलं, आजोबा, तुमचं कुठंय? मी काय करणार? पोर तोंडाने मागते. साल जाड काढली, आतला गाभा दिला, लाडूएवढा. गाभ्यापर्यंत काय पोचतं?

बागेत चॉकलेटची अंडी शोधताना ती कुंपणाच्या झुडपांपाशी वाकली. मला वाटलं, अंडं सापडलं. टोपली हातातच होती. एलोदी तिला पाठीवर थोपटत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. पाच वाजताच निघाले. टोपली इथेच राहिली.

२१ एप्रिल, सोमवार.
टोपलीत चॉकलेटखाली फ्लोरची वही सापडली. गुलाबी, वर मांजर. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. वाचली.

रकाने आखलेत. तारीख, काय खाल्लं, पोट. पोटाच्या रकान्यात चेहरे काढलेत, हसरे आणि रडके. लीलचे सगळे हसरे. अकरा चीज, अकरा हसरे. रडके तीनच, आणि तिन्हींसमोर लिहिलंय : आजोबांचं चीज. काल बागेत बसून लिहिलं असणार, अक्षर हललंय. त्याखाली एक ओळ : आजोबांना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटेल.

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून मागितलं, मला बरं वाटावं म्हणून.

मलाही माहीत होतं. ७ मार्चपासून माहीत होतं.  लाज वाटते.

२२ एप्रिल, मंगळवार.
शपथ मोडायची तर घराण्यातल्या मोठ्या माणसाची परवानगी हवी. वृद्धाश्रमात बेर्त आत्याकडे गेलो. अशील आजोबांची मुलगी, वय एक्क्याण्णव, कान मात्र शाबूत. दार लावून घेतलं. आवाज खाली आणून सांगितलं की आत्या, आपल्या चीजच्या सालीला आपण बियर लावतो. आजोबांचं गुपित. मला ते एलोदीला सांगावं लागणार.

आत्याने चष्मा चढवून माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागली. इतकी हसली की कवळी निसटली आणि नर्स धावत आली. पाणी प्यायल्यावर म्हणाली, अरे खुळ्या, माझ्या आईने बाबांची बियर बंद केली होती! ते तळघरात जाऊन चोरून प्यायचे. सालीला साधं मिठाचं पाणी, आयुष्यभर. फडकं हातात असायचं ते आई आली तर दाखवायला!

मी म्हणालो, पण शपथ? ती म्हणाली, तू आईला जाऊन सांगू नयेस म्हणून. मी म्हणालो, पण १९९८ चं पदक? तर पुन्हा हसायला लागली. नर्सने मला बाहेर जायला सांगितलं.

एकोणतीस किलोमीटर गाडी चालवत आलो. बेचाळीस वर्षं.

२३ एप्रिल, बुधवार.
लीलला गेलो. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. एलोदीला सगळं सांगितलं, मिठाच्या पाण्याच्या थापेसकट. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, हो.  फ्लोर दारातून म्हणाली, आजोबा, माझी वही आणलीत का? उघडली नाही ना? मी म्हणालो, नाही. आता ही शेवटची थाप.

निघताना एलोदी म्हणाली, एक जूनला तिचा दहावा वाढदिवस. तुमच्याकडे करू. पण खोली, फळ्या, फडकी, ब्रश, सगळं नवं. आणि मी येऊन बघणार.

२६ एप्रिल.
तळघर रिकामं केलं. पांढरा चुना. नव्या फळ्या. फिर्मँ न बोलावता मदतीला आला. नवा घाणा लावला, सालीला फक्त मिठाचं पाणी. माझा अंदाज : साल पांढरीफटक पडेल, चव साबणासारखी येईल, आणि मग सगळ्यांना कळेल की अशील आजोबांना माहीत नसलं तरी मला माहीत होतं.

१७ मे.
साल लाल होतेय. योगायोग.

२४ मे.
जास्तच लाल. वासाने सोलांजने वरची खिडकी उघडली.

२८ मे.
एलोदी कामावरून परस्पर आली. पाऊण तास तपासणी. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून बघितलं. शेवटी म्हणाली, ठीक आहे. इतका आनंद मला १९९८ मध्येही झाला नव्हता.

१ जून, रविवार. फ्लोरचा वाढदिवस.
पहिला तुकडा तिला. सगळे जेवायचे थांबून तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, असं बघू नका ना, गिळता येत नाही. दोन तुकडे खाल्ले. फिर्मँने मक्याच्या पिठाचा केक आणला होता, त्याने चीज खाल्लं आणि म्हणाला, ओमेर, तीस वर्षांत पहिल्यांदा चांगलं केलंस रे. सोलांज म्हणाली, पूर्वी मागाहून एक कडवट चव यायची, ती गेली. बास्तियां म्हणाला, मला तर ती कधीच आवडायची नाही. कोणी मला कधी सांगितलं नव्हतं. वाईट वाटेल म्हणून, म्हणे.

रात्री नऊला फोन. फ्लोरच बोलली. हसरा चेहरा काढला म्हणाली.

९ जून, सोमवार. सुट्टी.
फ्लोर तीन दिवस आमच्याकडे राहायला. एकटी. एलोदीने स्वतः सोडली.

सालीची बियर उरली होती, दोन क्रेट. बाहेरच्या पडवीत ठेवली होती, चीजपासून लांब. ओतून देणं जिवावर आलं. दुपारी सोलांज झोपल्यावर पडवीत जाऊन एक उघडली. वळून बघतो तर दारात फ्लोर. विचारलं, आजोबा, ही कशासाठी?

फडकं हातात होतं. ओठांवर उत्तरही आलं होतं, अशील आजोबांचंच.

म्हणालो, प्यायला.

ती म्हणाली, पण डॉक्टरांनी बंद केलीय ना? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, आजीला सांगू का? मी म्हणालो, नाही सांगितलंस तर बरं. तिने जरा विचार केला. मग जमिनीवर थुंकून शपथ घेतली. कोणी शिकवलं हिला?

संध्याकाळी सहा. ती हे तिच्या वहीत लिहिताना दिसली. चेहरा कोणता काढला ते झाकून ठेवलंय. आणि तिचं अक्षर सोलांजला चांगलं लागतं.