वडवणीच्या बाजारातली बाई

२८ डिसेंबर, रविवार
खाण्याची वही चाळत बसले. जानेवारीत ठरवलं होतं, लक्षात राहील असा प्रत्येक घास लिहायचा. ठरवलेलं पार पडलं असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

मार्च : मोमिनपुऱ्यात रमजानचे खिमा समोसे, सु.सोबत. मे : हैदराबाद, सुट्टीत शिक्षकांची सहल, एका ताटात बिर्याणी, सु.सोबत. ऑगस्ट : माझी धपाटी करपली. ऑक्टोबर : अंबाजोगाईला आईकडे, बोकडाची वजडी, भाकरी, दोन दिवस झोप.

सु. म्हणजे सुरेखा पानोपानी आहे. बारा वर्षं स्टाफरूममध्ये खुर्चीला खुर्ची लावून बसतो. पण माझ्या घरच्या पानांवर तिच्या नावापुढे काय लिहिलंय? 'चतुर्थी म्हणाली.' 'पोट भरलंय म्हणाली.' 'फक्त चहा.' सगळं माझ्याच अक्षरात. एकदाही जेवलेली नाही. आणि मी बाई गणिताची.

३० डिसेंबर
मधल्या सुट्टीत सु.ला हसत हसतच विचारलं, माझ्याकडे जेवत का नाहीस. म्हणाली, "अगं, तुज्या आईचं येसर वर्षभर खातोय की आमी. सासूबाईंना त्याबिगर आमटी जात न्हाई."

झालं, मी विरघळले. आईच्या येसराचं कौतुक केलं की माझं तोंड बंद होतं. धान्यं वेगवेगळी भाजायची, मसाला वेगळा, शेवटी मूठभर कारळं, मग सगळं दळून आमटीला लावायचं. तशी चव बाजारात नाही.

११ तारखेला त्यांच्या पालीच्या शेतात हुरडा आहे, ये म्हणाली. मग जरा थांबून, "येसराचा डबा मला शाळेतच दे. तिकडं नको आणू." का ते विचारलं नाही.

११ जानेवारी, रविवार
आत्ताच आले. हाताला अजून धुराचा वास.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. चौथी शिकलेल्या, चष्मा लावून पेपर वाचतात, माणूस मोकळं. आगटीपाशी स्वतः कणसं चोळून माझ्या हातावर गरम हुरडा ठेवला. म्हणाल्या, "आडनाव काय म्हनलात बाई?" मी तोंड उघडायच्या आत सु. म्हणाली, "म्याडम हायत, आमच्या शाळेतल्या." जसं काही तेच माझं आडनाव. मग मीही एक कणीस चोळलं, हात पुढे केला. अक्कांनी माझ्या तळहातावरचा हुरडा उचलून खाल्ला. आडनाव कळल्यावर खाल्ला असता का? माहीत नाही. नाही माहीत, तेच टोचतंय.

जेवायला येसर आमटी. पहिल्या घोटातच आई ओळखली. अक्का म्हणाल्या, "वडवणीच्या बाजारात एक बाई बसती, तिच्याकडून सून आनती. लई चव हाय बाईच्या हाताला."

सु. ताटात बघत राहिली. आणि मी काय बोलले? "हो, छान आहे." माझ्या आईच्या आमटीला, परक्यासारखं. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

१२ जानेवारी
सु.ला गाठलं. "का खोटं बोललीस?"

"पहिल्यांदा घाबरले. मग त्यांना चव लागली. मग कसं सांगू? मला काही वाटत न्हाई गं, तुला म्हाईत हाय."

"मग माझ्या घरी जेवत का नाहीस?"

ती वह्या उचलायला लागली. घंटा झाली, सातवी ब वर गेले. त्रैराशिक शिकवलं. काय शिकवलं देव जाणे.

१७ जानेवारी, शनिवार
पाच दिवस खुर्च्या शेजारी, बोलणं नाही. आज तीच आली. २५ला अक्कांच्या नातवाचं जावळ, शेतातच, गावजेवण. अक्कांना मोठा डबा येसर हवंय. आणि त्या वडवणीच्या बाईला बोलवा म्हणतात, लुगडं नेसवायचंय.

"एखादी बाई उभी करू का गं वडवणीची?"

मला हसूच फुटलं. मग डोळ्यात पाणी आलं तेव्हा ती घाबरली. म्हटलं, येसर देते. बाईचं बघते.

१८ जानेवारी
अंबाजोगाई. आईला सगळं सांगितलं. कढईतली डाळ हलवत म्हणाली, "म्हंजी मी आता वडवनीची झाले व्हय." हसली. मग कढई उतरवली, डाळ परातीत ओतली.

मी म्हटलं, नकोच द्यायला.

"द्यायचं. पर नावासकट द्यायचं. मिरच्या माज्या, भाजनं माजं, अन् लुगडं कुनाला?"

"सुरेखाला घरात त्रास होईल."

"व्हईल. मला बारा म्हैने बाजारात बसवलं तिनं."



२४ जानेवारी, शनिवार
डब्यावर चिठ्ठी चिकटवली, मोठ्या अक्षरात : येसर. करणार गयाबाई कांबळे, भीमनगर, अंबाजोगाई. वरून चिकटपट्टी, सगळीकडून.

पाचला सु. आली. वाचलं.

"हे काढ."

"तू काढ."

डबा मांडीवर घेऊन बसली. नखाने एक कोपरा उचकटला, परत दाबला. मी स्वयंपाकघरात गेले, मुद्दामच. काढायचं तर माझ्यासमोर नको. भाकरी आणि आमटीचं ताट घेऊन बाहेर आले. "आज शनवार हाय," ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं आणि ताट टेबलावर ठेवलं. वहीत लिहायचं वाक्य तयारच होतं.

ती दाराकडे गेली, परत आली. उभ्यानेच भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. दुसराही. डबा उचलून गेली. चिठ्ठी होती तिथेच होती. पुढे पालीच्या वाटेवर काय होईल सांगता येत नाही. वाटेत काढली तर मी काय करणार? सोमवारी झेंडावंदन झालं की त्याच खुर्चीवर बसणार.

२५ जानेवारी
सकाळपासून हाताला काम सुचत नाही. पोहे खारट झाले. पंगत बाराला आहे.

अकराला सु.चा मेसेज : 'अक्कांनी डबा हातात घेतलाय. चिट्ठी कसली विचारतात. मी म्हनले तुमीच वाचा. चष्मा आनायला गेल्यात.'

त्यानंतर काही नाही. पावणेबारा झाले.

आईचा दोनदा फोन येऊन गेला. काय झालं, विचारते. तिला सांगितलं, चष्मा शोधतायत.