शाळेची जागा

३ मार्च २००६, दौंड

दूर समुद्रातल्या बेटावर शाळा, आणि जोतं फक्त एक मीटर! साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे ना? म्हणे, ‘जुन्या पाण्याची खूण धरा, वर एक मीटर टाका. भीमेवरच्या कामांना हेच करतो आपण.’ अहो, पण भीमा चढते तेव्हा गुरं सोडायला तरी वेळ मिळतो. त्सुनामी थांबते का कुणासाठी? बेट ताटासारखं सपाट, चढून जायला टेकाडसुद्धा नाही. तिथं मुलांची शाळा बांधायची, आणि जागा सुरक्षित आहे अशी इंजिनिअर म्हणून सही माझी!

६ मार्च

पुण्याला ऑफिसात पुन्हा तोच वाद. किनाऱ्यालगत बांधलं की सामान बोटीतून थेट उतरतं — मान्य! पण पोरं पळणार कुठं? मी म्हणाले, शाळा बेटाच्या मधोमध, उंच खांबांवर, रुंद जिना. नाहीतर सही नाही. साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या दौंडला समुद्र कधी आला?’ सगळे हसले. मेले!

१० मार्च

धम्मदीपचा फोन. माझा धाकटा भाऊ, त्याच बेटावर, आमच्याच कामाचा सुपरवायझर. सामान उतरवून घ्यायला महिना झाला जाऊन. ‘ताई, लई मजा हाय! गडी आपल्या पाटसचेच. ऊसतोडीला कॅनॉलच्या कडंला राहायला कोप्या मारत्यात ना, तशाच मारल्यात हितं. पार पाण्याला लागून. वारं काय सुटतंय!’

ओरडले, ‘अरे, समुद्र आहे तो! मागं सरका.’ ‘व्हय, व्हय. सांगतो गड्यांना.’ आई म्हणाली, ‘पोराला कशापायी भ्या घालतीस?’

११ मार्च

साहेबांच्या कानावर घातलं. ‘मजुरांच्या शेड तात्पुरत्या. त्या आपल्या रिपोर्टात बसत नाहीत.’ भांडायला हवं होतं. पण शाळेचं अजून ठरायचं होतं, साहेब बिथरले तर तेही जायचं. शेडचा विषय सोडला.

१५ मार्च

जागा मंजूर! मधोमध, खांबांवर! आईनं शिरा केला. धम्मदीपला विचारलं, कोप्या हलवल्या का? ‘येत्या रविवारी, ताई. सुट्टी असती तवा. शप्पथ!’ जीव थाऱ्यावर नाही.

१८ मार्च, शनिवार

सकाळी साहेबांचा फोन. पहाटे भूकंप झाला, मागोमाग समुद्र बेटावर चढला. ‘अभिनंदन, मॅडम! आपल्या जागेला पाणी शिवलंसुद्धा नाही.’

धम्मदीपचा फोन लागत नाही.

मी विचारलं, आणि मजुरांच्या शेड?

‘कुठल्या शेड?’ म्हणाले.