दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका

प्रिय डेल्मर,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्यात शिक्षेच्या तारखेबद्दल एकच ओळ आणि बाकी दोन पानं माझ्या गुडघ्याची चौकशी! गुडघा बरा आहे. तारीख आम्हाला तुझ्या पत्राआधीच कळली होती. नव्या गव्हर्नरनं सही केली ती टीव्हीवर दाखवली. चौदा मार्च. शपथ घेऊन त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. पर्विसनं टीव्ही बंद केला आणि मागच्या अंगणात जाऊन उगाचच लाकडं फोडत राहिला. तुझ्या भावोजींना रडता येत नाही, तुला ठाऊक आहेच.

जुन्या गव्हर्नरनं आठ वर्षांत एकाही मृत्युदंडावर सही केली नाही. त्या आठ वर्षांत माझी मरणाची सवयच मोडली होती. दर दुसऱ्या शनिवारी दोनशे मैल गाडी हाकत तुरुंगात तुला भेटायला यायचं, तिथल्या यंत्रातलं ते गारढोण सँडविच तू मेजवानीसारखं खायचं, आणि मी शाळेच्या बसमधल्या पोरांच्या भानगडी सांगायच्या. असंच आपण दोघं म्हातारे होऊ, असं मी धरून चालले होते. तू केलंस ते केलंस. ऑस्ट्रँडर म्हातारा त्याच्याच दुकानात तुझ्या हातून मेला, हे मी कधी नाकारलं नाही. त्याची मुलगी बाजारात दिसली की अजून माझी मान खाली जाते. पण तूही मरावंस असं मला एक दिवससुद्धा वाटलं नाही.

म्हणून गेल्या वर्षी जुन्याची मुदत संपत आली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. आपल्या पक्षाकडून टॅनेहिलबाई उभ्या राहणार हे ठरल्यातच जमा होतं. एकाही मृत्युदंडावर सही करणार नाही, असं त्या उघड सांगत होत्या. समोरच्या पक्षात दोघं भांडत होते. एक व्हिटकम, निवृत्त न्यायाधीश. तो म्हणायचा, प्रत्येक कैद्याची फाइल मी स्वतः वाचीन आणि मग ठरवीन. दुसरा रॉइस हडार्ट, घोडे वाहून न्यायच्या गाड्या विकणारा. जत्रेत खोक्यावर उभा राहून ओरडायचा, "पहिल्याच महिन्यात ती मृत्युदंडवाल्यांची रांग मोकळी करायला लागतो की नाही बघा!" लोक मक्याची कणसं खात हसायचे. सगळ्यांचं म्हणणं एकच, न्यायाधीश उभा राहिला तर टॅनेहिलबाई पडतील, आणि हा विदूषक उभा राहिला तर झोपेतसुद्धा जिंकतील.

तू विसाव्या वर्षी आत गेलास, कधी मत दिलंच नाहीस, म्हणून सांगते. ऑगस्टमध्ये पक्ष आपापला उमेदवार निवडतात. मतदान केंद्रावर विचारतात, कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी? एकच मिळते, पण कुठलीही मागता येते. तर आमच्या बस आगारात कुणीतरी डोकं चालवलं. टॅनेहिलबाईंना आपल्या मतांची ऑगस्टमध्ये गरजच नाही, मग समोरच्यांची मतपत्रिका मागू या, हडार्टला निवडून देऊ या आणि नोव्हेंबरमध्ये त्याला लोळवू या. सगळ्यांना कल्पना भलतीच आवडली. ड्रायव्हरांनी बायकांना सांगितलं, बायकांनी चर्चच्या गायकवृंदात, तिथून केस कापायच्या दुकानात. चर्चच्या हॉलमध्ये मतदान होतं. आयडाबेल मतपत्रिका वाटत होती, तिचा आवाज तुला आठवत असेल. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं तिनं मला विचारलं, "अगं व्हर्लीन, चष्मा घरी राहिला का? ही त्यांची मतपत्रिका मागतेयस!"

"दे गं," मी म्हटलं, "आज शेजारणीच्या लेकीला नवरा बघायला आलेय. चांगला टकल्या बघून देते."

रांग खो खो हसली.

हडार्ट अठ्ठावन्न मतांनी जिंकला. अख्ख्या राज्यात अठ्ठावन्न! फेरमोजणी नऊ दिवस चालली, पण आकडा हलला नाही. आम्ही आगारामागे मासे तळले, पर्विसनं गिटार काढली. न्यायाधीश बिचारा कॅमेऱ्यासमोर उभा राहून सगळ्यांचे आभार मानत होता, आणि आम्ही टाळ्या पिटत होतो.

पुढे काय झालं ते तुला तिथल्या टीव्हीवर दिसलंच असेल. विदूषक घरोघरी गेला. गिरणी बंद पडलेल्या गावांत जाऊन लोकांच्या पायरीवर बसला, त्यांचं रडगाणं ऐकून घेतलं. टॅनेहिलबाई तिकडे फिरकल्याच नाहीत, त्यांना वाटलं, हा पडणारच आहे. सप्टेंबरात लोक हसायचे थांबले. ऑक्टोबरात आमच्याच गल्लीत त्याच्या नावाच्या पाट्या लागल्या. नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी मी टॅनेहिलबाईंना मत दिलं आणि बस घेऊन दुपारच्या फेरीला गेले. तो एक लाखाच्या वर मतांनी आला.

डेल्मर, डोकं चालवणारं ते कुणीतरी म्हणजे मी. दुसरं कुणी नव्हतं. मीच अक्कल पाजळली, मीच घरोघर फोन केले, आणि ऑगस्टमधल्या त्या मतदानाच्या दिवशी शाळांना सुट्टी होती म्हणून स्वतःच्या गाडीतून म्हाताऱ्यांना केंद्रावर नेलं. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी ती मतपत्रिका मागितली, त्यांची नावं मी परवा लिहून काढली. एकसष्ट झाली, मला धरून. आम्ही घरी बसलो असतो तर न्यायाधीश आला असता, आणि तुझी फाइल निदान कुणीतरी वाचली असती. पर्विस म्हणतो, "अगं, तू त्याच्यासाठीच केलंस ना! त्याला कशाला सांगतेस आता?" तो चांगला माणूस आहे, म्हणून असं म्हणतो.

पण तुरुंगातून काल एक फॉर्म आला. चौदा तारखेला शिक्षा देताना काचेपलीकडे साक्षीला बसायला तुझ्या बाजूनं एकच माणूस येऊ शकतो आणि तिथे तू माझं नाव लिहिलंयस. कारण या रकान्यात लिहिलंस, 'हिनं कधी मला दगा दिला नाही.' ते वाचून मला सही करता येईना. शुक्रवारपर्यंत नाव बदलता येतं, म्हणून हे पत्र आजच टाकतेय. तुरुंगातला पाद्री येईल, तो भला आहे. तू नाव खोडलंस तर मी समजेन, आणि बाहेर फाटकाशी उभी राहीन. ठेवलंस तर पहिल्या रांगेत बसेन, आणि तू डोळे मिटेपर्यंत मी माझे मिटणार नाही. फक्त तो रकाना तेवढा कोरा कर.

तुझीच, या सगळ्यानंतरही तुझीच,
व्हर्लीन