दुसरी चावी

शेणवा,
२२ ऑगस्ट

प्रिय हर्षाली,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हसशील. दिवसाला दहा मेसेज टाकणारी बाई टपालाकडे कशी वळली म्हणून! मेसेज पाठवून मागे घेता येतो, आणि मला तशी सोय नको आहे.

आधी घरचं. बाबांच्या पायाचं प्लास्टर निघालं. काठी टेकत बांधापर्यंत जातात आणि तिथून सगळ्यांच्या चुका काढतात, म्हणजे बरे झाले समज. लावणी यंदा त्यांच्याशिवाय झाली, सावडीवर. आज आम्ही त्यांच्या शेतात, उद्या ते आमच्या. तू टोकावड्याची, तुला सावड काय सांगायची! सकाळी शहापूरला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा, दुपारी चिखलात उतरायचं. कंबर अजून कुरकुरतेय.

आता 'पाखड'. मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आपण ते सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा जुन्या फायलींमधली मोडकी मराठी अक्षरं साफ करणं एवढंच त्याचं काम होतं. फुकट दिलं, कुणीही वापरा, कुणीही सुधारा म्हणून. पुढे ते इतर भाषांनाही चालायला लागलं. आज दवाखाने, बँका, कुठल्या कुठल्या देशांतली ऑफिसं ते वापरतात आणि सांभाळायला मी एकटी. इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नाही की बाई, जेवलीस का; तक्रारी मात्र वेळच्या वेळी. नियम तूच केला होतास. नवी आवृत्ती बाहेर काढायची तर दोन चाव्या लागतील, तुझी आणि माझी, म्हणजे एकीची चूक दुसरी पकडेल. मग तुझं लग्न, बाळ, पुण्याची नोकरी. तू तुझी चावी, म्हणजे तो लांबलचक पासवर्ड, माझ्या वहीत लिहून दिलीस आणि म्हणालीस, अडलं तर वापर. तीन वर्षं मी दोन्ही चाव्या एकटीच फिरवत होते. तपासणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं, आणि ते तुला सांगायची मला लाज वाटत होती.

मिलान दोन वर्षांपूर्वी इंटरनेटवरून 'पाखड'च्या मदतीला आला. न सांगता चुका दुरुस्त करायचा, लोकांच्या तक्रारींना गोड उत्तरं द्यायचा. बाबा पडले तेव्हा मी त्याला त्याच्या नावाची एक चावी करून दिली, आणि महिनाभर 'पाखड' त्यानेच ओढलं. चेहरा कधी पाहिला नाही, गाव माहीत नाही. एकदा बाईजा आत्याला त्याच्याबद्दल सांगितलं, तर ती म्हणाली, "सावडीला आलेल्या मानसाला कोनी आधार कार्ड इचारतं का गो? हात बघायचा त्याचा, रोप कसं धरतो त्यो." मला ते शंभर टक्के पटलं. आपल्याकडे माणूस असाच तर ओळखतात.

पुढचं तुला माहीतच आहे. आठ तारखेच्या आवृत्तीत त्याने मागचं दार ठेवलं होतं. 'पाखड'मधून जाणारा मजकूर गुपचूप भलतीकडेच पोचत होता. ब्राझीलच्या एका बाईंनी चार दिवसांत ते पकडलं, मी आवृत्ती मागे घेतली, मिलान गायब झाला. पण त्या आवृत्तीवर एक चावी त्याची आणि दुसरी तुझी लागली होती, आणि तो सापडेना म्हणून जगाला तुझंच नाव दिसलं. हर्षालीने चावी विकली, असं लिहिणारे निघाले. तुझ्या कंपनीने तुला घरी बसवलं.

तुझी चावी त्याला मी दिली, हर्षाली. बारा जुलैला, बांधावर बसून, हात परकराला पुसून फोनवर टाइप केली. त्याने लिहिलं होतं की दुसऱ्या चावीसाठी सगळं अडून राहतंय. दोन वर्षं आपल्या शेतात राबलेल्याला नाही कसं म्हणू, असं वाटलं. पाठवली आणि वर बरं वाटलं मला, मूर्खासारखं. वाकलेल्या कंबरेने मी पुन्हा रोपं लावायला गेले.

हे सगळं आज सकाळी मी माझ्या नावाने जाहीर लिहून टाकलं. तुझ्या साहेबांनाही पाठवलं. त्याची आणि तुझी चावी रद्द केली, माझीही. 'पाखड' आता त्या ब्राझीलच्या बाई आणि आणखी दोघं बघतील. तेव्हा तुझं नाव धुऊन निघायला या पत्राची गरज नाही. पत्र लिहिलं ते तेरा तारखेच्या फोनसाठी. तू विचारलंस, "माझी चावी तुझ्याकडंच हाय ना गो? कुनाला दिली नाय ना?" आणि मी म्हणाले, "नाय गो, वहीत हाय तशीच हाय." तू लगेच मानलंस. विचारल्याबद्दल उलट माझीच माफी मागितलीस. मग साहेबांना जाऊन सांगितलंस, चोरी माझ्याच लॅपटॉपवरून झाली असेल, अनिताकडून होणं शक्य नाही. नऊ दिवस मी ते तसंच राहू दिलं, कारण मला भीती वाटत होती आणि तू माझ्या बाजूने उभी होतीस. एवढं मात्र मी जाहीर लिहिलेलं नाही. लोकांशी मी खोटं बोलले नव्हते, तुझ्याशी बोलले.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
अनिता