दोन मिनिटांचं बोलणं, एका वाक्यात

प्रिय पूर्वा,

जयभीम. रविवारी तू धायरीला आलीस, मला लॅपटॉपसमोर बसवून कोरियातल्या, सोलच्या दोन्ही दवाखान्यांशी बोललीस, आणि निघताना विचारलंस, मावशी, यातला कुठला? मी म्हटलं, विचार करून सांगते. तुझं तोंड वाकडं झालं. पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात काढलेल्या बाईला एवढा विचार कसला, असं वाटलं असेल. फोनवर सांगता येईना, म्हणून हे पत्र. अक्षर लागेल तुला, नर्सचं आहे, डॉक्टरचं नाही.

ओठावरचा व्रण आणि नाकाची ती बसकी बाजू नीट करून घ्यायची हे तू ठरवलंस, त्याला माझी ना नाही. फाटलेला ओठ घेऊन जन्मलीस, तीन महिन्यांची असताना तो शिवला, आणि तीस वर्षं प्रत्येक फोटोत मान वळवून उभी राहतेस. मला दिसतं ते. लोक म्हणतात, दिसण्यात काय ठेवलंय. म्हणणाऱ्यांची नाकं सरळ असतात.

पहिल्या दवाखान्यातली ती हिंदी बोलणारी दुभाषी मुलगी तुला फार आवडली. होतीच गोड. पण मी बघत होते डॉक्टरांकडे. कोरियन भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी एवढं दिसलं की तो माणूस चांगली दोन मिनिटं बोलला, स्वतःच्या नाकपुडीला दोनदा हात लावला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि नकारार्थी मान हलवली. तिने आपल्याला सांगितलं, ‘डॉक्टरसाहब कहते हैं, चिंता की कोई बात नहीं.’ बाकीचं कुठे गेलं? तू विचारलं नाहीस, कारण तुला तेच ऐकायचं होतं.

दुसरीकडचा चष्मेवाला दुभाषा तुला रटाळ वाटला. इंग्रजी अडखळत बोलायचा, दर वाक्याला डॉक्टरांना थांबवायचा, मध्येच त्याने कागदावर नाक काढून दाखवलं. वर तुलाच म्हणाला, मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा. तू चिडलीस. आणि सांगितलेलं काही गोड नव्हतं: व्रण पुसट होईल पण जाणार नाही, नाकासाठी वर्षाने कदाचित पुन्हा यावं लागेल. पूर्वा, तू तिथेच जा. परक्या भाषेतल्या माणसाला नको असलेली गोष्ट पुरी पोचवायला कष्ट पडतात, ते त्याने घेतले. शुक्रवारी त्या पहिल्या दवाखान्याची तारीख पक्की करणार आहेस, ती करू नकोस.

आता, हे मला इतकं नेमकं कसं दिसलं, ते सांगते. तुझं पहिलं ऑपरेशन माझ्याच वॉर्डात झालं. बाहेरून आलेले सर्जन इंग्रजीत बोलत होते, तुझी आई तुला छातीशी धरून रडत होती, आणि दोघांच्या मध्ये मी. ते म्हणाले, आता फक्त ओठ शिवतो, नाकाचं काम राहील, शाळेत घालायच्या आधी हिला नक्की परत आणा. मी तिला म्हटलं, ‘कौशल्या, काळजी करू नकोस, सगळं नीट होणार आहे.’ एवढंच. वाटलं, तिचं रडू थांबलं की उरलेलं सांगेन. मग तू हसायला लागलीस, घरात कौतुकच कौतुक, आणि दरवेळी वाटायचं, आज नको. तू पाच वर्षांची झालीस तेव्हा कौशल्या येईल त्याला सांगत होती की ताई होती म्हणून पोरीचं सगळं नीट झालं. त्यानंतर तोंड उघडायची मला लाज वाटली. तुझ्या नाकाचं काम राहिलं ते माझ्यामुळे राहिलं, पूर्वा. कौशल्येला अजून माहीत नाही. येत्या रविवारी नारायण पेठेत तुमच्याकडे येते आहे, तिला सांगायला. तू घरी थांबशील का, हे विचारायला लिहिलं. मी तिला सांगत असताना माझ्याकडे लक्ष ठेव, आणि काही गाळलं तर मला थांबव.

रागावलीस तरी तुझीच,
सुंदरामावशी