होणाऱ्या जावयाबरोबर गुहेत

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

गुहा बघायला जायचंय म्हणे! राष्ट्रीय उद्यान आहे, जमिनीखाली मैलोन्‌मैल भुयारं. कल्पना चष्मेवाल्याची. लेक त्याला नावाने हाक मारते, मी नाही. चष्म्याचं दुकान आहे, म्हणून चष्मेवाला. लग्नाची तारीख ठरेपर्यंत एवढंच. पण लग्नाआधीच सासूला सहलीला नेणारा जावई आजवर कुणी पाहिलाय?

शनिवार, १२ ऑक्टोबर

पोचलो. लॉजवर दोन खोल्या – आम्ही मायलेकी एकीत, तो दुसरीत. वागणं अगदी साळसूद. पिशवी उचलतो, दार धरतो, चहा आधी मला. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले मी. इतकं गोड बोलणाऱ्याच्या पाकिटावर हमखास तिकीट कमी लावलेलं असायचं!

रविवार, १३ ऑक्टोबर

पकडला! तिकीट खिडकीवरची बाई त्याला बघून हसली. "परत आलात?" तो गोरामोरा. मला म्हणतो, "मला दुसराच कुणी समजल्या असतील." आणि काल गाडीत काय म्हणाला होता? पहिल्यांदाच येतोय!

मग गुहा. छताला दगडी झुंबरं, कुठेतरी टप टप पाणी, दात वाजतील अशी थंडी. एक दालन संपलं म्हणेस्तोवर पुढे दुसरं, त्याहून मोठं. डोळे भरून बघायचं सोडून मी आपली त्याच्यावर नजर ठेवून. वाटाड्याशी दोनदा कुजबुजला. मी जवळ गेले की दोघंही गप्प!

एका वळणावर बाकी मंडळी सरळ गेली आणि वाटाड्याने आम्हा तिघांनाच बाजूच्या बोळात वळवलं. लेकीचा हात घट्ट धरला, बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

आधी कुणाला घेऊन आला होता हा? नक्की पाणी मुरतंय.

सोमवार, १४ ऑक्टोबर

सकाळी ते दोघं चहाला बसले, तेवढ्यात मी वाटाड्याला गाठलं. "खरं सांगा, हा आधी कुणाबरोबर आला होता?"

तो हसायलाच लागला. "एकटेच हो, मावशी! गेल्या महिन्यात. पायऱ्या मोजत हिंडत होते. म्हणाले, सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या कुणाला कळू देत नाहीत. कमी पायऱ्यांची वाट दाखवा. म्हणून तर काल तुम्हांला बाजूने नेलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघ्यांचं मी सख्ख्या लेकीलाही सांगितलेलं नाही. नुसतं चालणं बघून ओळखलं त्याने.

परतताना गाडीत त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली. असा काही दचकला, गाडी खड्ड्यातच जायची!

मंगळवार, १५ ऑक्टोबर

लेकीला म्हटलं, "मुलगा लाखात एक आहे. तारीख धरूया." ती ढसाढसा रडायला लागली. "आई, तू काहीतरी खोट काढशील आणि मोडशील, याच आशेवर होते गं मी. माझ्याच्याने त्याला नाही म्हणवत नाही."